शिट्टीच्या गाण्याची मालकी

मी, वय वर्षे एकाहत्तर, व्यवसाय हॉटेलात पियानो वाजवणे, हे मृत्युपत्र शुद्धीवर असताना स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. फुप्फुसं थकली आहेत, डोकं शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. पुढे 'कोणाच्याही दडपणाखाली न येता' असं लिहायची रीत आहे. मी वकीलबाईंना म्हटलं, "दडपण खालच्याच मजल्यावर राहतं हो." त्या म्हणाल्या, "मग त्याला न विचारता, असं लिहा." तर धाकट्या भावाला न विचारता लिहितो.

१. पियानो हॉटेलचा आहे, तो कोणी मागू नये. मायक्रोफोन आणि हेडफोन मुलीला द्यावेत. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतीला ठोकलेली ब्लँकेटं कसरीने खाल्ली आहेत; ती काढून टाकावीत, आठवण म्हणून जपू नयेत.

२. मी लिहिलेल्या आणि चाल लावलेल्या सर्व गाण्यांचे हक्क, आज हाती असलेले आणि भांडून मिळणारे, माझ्या मुलीला मिळावेत. ती स्वतः गाते, घरीच रेकॉर्डिंग करते, कोणत्याही कंपनीकडे नाही. म्हणून तिला हे सविस्तर सांगतो.

हॉटेलच्या लिफ्टमध्ये दिवसभर माझंच गाणं लागायचं, लोक ज्याला 'शिट्टीचं गाणं' म्हणतात ते. एका दुपारी लिफ्ट दोन मजल्यांच्या मधेच अडकली. आत मी आणि एक अनोळखी बाई. गाणं संपलं की पुन्हा पहिल्यापासून. वैतागून मी म्हणालो, "स्वतःचं गाणं झालं म्हणून माणसानं किती ऐकावं!"

"तुमचं? मग याची रॉयल्टी घेता ना?"

"छे, कंपनीला कधीच विकलं."

"काय विकलंत? शब्द, चाल, की रेकॉर्डिंग?"

ही तीन वेगवेगळी असतात हेच मला ठाऊक नव्हतं! गाणी वाजवणाऱ्या हॉटेलांकडून शुल्क गोळा करणाऱ्या संस्थेत त्या कामाला होत्या. लिफ्ट सुटेपर्यंत त्यांनी मला शहाणं केलं. मी करार शोधून वाचला. विकलं होतं फक्त रेकॉर्डिंग. शब्द आणि चाल माझीच!

हरखून संस्थेत नाव नोंदवायला गेलो. तिथल्या कारकुनाने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. गाणं आधीच नोंदलेलं होतं. गीतकार आणि संगीतकार: माझा धाकटा भाऊ. "तू वाजव दादा, कागदपत्रांचं मी बघतो," असं म्हणायचा. बघितलं.

जेवताना विचारलं, तर त्याने चमचासुद्धा खाली ठेवला नाही. "मी नाव टाकलं नसतं तर ते पैसे बुडालेच असते. आणि तू वाजवत बसलास तेव्हा घराचा गाडा कोणी ओढला?" त्यात आई मधे पडली. "माझे डोळे मिटेपर्यंत घरातलं घरातच ठेवा रे." मी शब्द दिला. आई चौऱ्याण्णव वर्षं जगली. तोवर रोज संध्याकाळी पाहुण्यांच्या फर्माइशीवर ते गाणं वाजवलं. धाकटा कधी मित्रांना घेऊन यायचा, पुढच्या टेबलावर बसायचा, आणि टाळ्या पडल्या की उठून मान तुकवायचा. एकदा ते माझ्या आवाजात गाऊन इंटरनेटवर टाकलं. दुसऱ्या दिवशी काढून टाकलं गेलं. कारण: मूळ हक्कधारकाची परवानगी नाही.

म्हणून पोरी, गाणं बाहेर सोडण्याआधी शब्द आणि चाल स्वतःच्या नावे संस्थेत नोंदव. रेकॉर्डिंगचे हक्क वेगळे नोंदव, आणि गायिका म्हणून मिळणारा वाटा आणखी वेगळा असतो, तोही सोडू नकोस. सगळीकडे नाव एकाच पद्धतीने लिही. एक काना चुकला तरी पैसे बेवारस पडतात. साथीला कोणी असेल तर वाटे त्याच दिवशी लिहून सह्या घे. घरचा माणूस असेल तर आधी घे.

३. धाकट्याला माझ्याकडून काही नाही. आजवर जे घेतलं ते त्याने ठेवावं, मुलीने मागचा हिशेब मागू नये. माझ्या अंत्यविधीला त्याने जरूर यावं. फक्त ते गाणं लावू नये.

४. आई गेल्यावर मी हरकत नोंदवली. संस्थेने रॉयल्टी रोखून धरली आणि कळवलं: भावाची संमती आणा, नाहीतर गाणं होताना पाहिलेला साक्षीदार आणा. संमती तो देणार नव्हता. गेल्या महिन्यात धाकटी भावजय वर आली आणि दारातच म्हणाली, "दादा, माझी साक्ष चालेल?"

"त्याच्याविरुद्ध?"

"मी मटार सोलत होते. कुकरची शिट्टी झाली आणि तुम्ही तोच सूर तोंडाने धरलात. चाल पुरी होईपर्यंत मला उठू दिलं नाहीत, भात करपला. हे तर घरातच नव्हते, कामावर होते."

नोटरीसमोर तिने हे सगळं लिहून दिलं. सही ठसठशीत केली. बाहेर आल्यावर मात्र हळूच म्हणाली, "आता खाली राहायचं कसं, दादा?"

संस्थेचा निकाल माझ्या हयातीत लागेल असं वाटत नाही. पण तिच्या प्रश्नाला उत्तर द्यायला मी अजून आहे. वरच्या दोन खोल्या माझ्या वाट्याच्या आहेत. त्यांत राहण्याचा हक्क भावजयीला तहहयात राहील, तिच्यानंतर त्या माझ्या मुलीच्या. मुलीची याला संमती आहे. वर यायची वाट धाकट्याच्या बैठकीतूनच होती, म्हणून मागच्या बाजूने लोखंडी जिना बसवून घेतला आहे. त्याच्या दाराची किल्ली भावजयीच्या हाती दिली आहे. ती अजून खालीच राहते. काल मात्र ती त्या जिन्याने एकदा उतरली आणि एकदा चढली. हातात पिशवी नव्हती, काही काम नव्हतं.

वकीलबाईंनी हे अमलात आणावं. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही, पुढे करण्याइतका श्वास नाही, हेच धरावं.

स्थळ: राहतं घर, वरचा मजला
दिनांक: ९ मार्च, सोमवार

सही: गीतकार, संगीतकार व गायक

आमच्यासमोर वाचून सही केली. आम्हा दोघांना यातून काही मिळायचं नाही.
साक्षीदार १: उपचार करणारे डॉक्टर (सही)
साक्षीदार २: समोरच्या दुकानातले शिंपी (सही)