सही माझीच होती

नौसोरी,
१७ सप्टेंबर

प्रिय लोसा,

आम्ही सगळे बरे आहोत. तू आणि छोटी बऱ्या असाल, तावेउनी बेटाची हवा तिला मानवली असेल. आत्या आठ दिवस आमच्याकडे राहिली. शनिवारच्या बोटीनं ती परत निघेल, तिच्याच पिशवीत हे पाकीट घालते आहे. फोनवर तू माझा नंबर बंद केलास, मग दुसरं काय करणार? आत्या म्हणाली, "एका ताटात भांडत जेवणाऱ्या पोरी तुम्ही, आता पत्रं लिहायला लागलात होय?" मी नुसती हसले. तिला काही माहीत नाही.

यंदा नदीला दोनदा पाणी चढलं, पण घरात शिरलं नाही. बाबांचा गुडघा तसाच. मी बस स्टँडजवळच्या रोटीच्या दुकानात सकाळी कामाला जाते. टायपिंग सुटलं. का सुटलं, ते येईलच पुढे.

आधी तुझ्या कामाचं सांगते. सोबत एक फॉर्म आहे. जिथे पेन्सिलीनं फुली केली आहे तिथे सही कर, नव्या बँक खात्याचा नंबर लिही आणि महिनाअखेरीच्या आत कामिनीदीदीकडे पाठव. आपल्याकडून ऑनलाइन टायपिंग करून घेऊन पैसे बुडवणाऱ्या ट्रेंटनं अखेर तुझे पैसे दिले आहेत. तीनशे बारा तासांचे तीन हजार चारशे बत्तीस ऑस्ट्रेलियन डॉलर, पूर्ण. तुझं जुनं खातं बंद असल्यानं ते परत गेले आणि आता मेलबर्नच्या वकीलबाईंकडे थांबले आहेत.

हे वाचून तू दोन मिनिटं बसशील. बस. मग पुढचं वाच.

गावी जाताना तू दीदीला लिहून दिलं होतंस की माझ्या वतीनंही तूच दावा लाव. तिनं लावला. मेलबर्नमध्ये कायद्याचा फुकट सल्ला देणारं एक केंद्र तिनं शोधून काढलं, आपले सगळे मेल छापून काढले. जुलैत ट्रेंटचं उत्तर आलं. त्याला एक कागद जोडला होता. तुझं आणि दीदीचं काम चुकांनी भरलेलं होतं, डॉक्टरांच्या नोंदी चुकीच्या टाइप झाल्या, म्हणून गटप्रमुखानं ते काम नाकारलं, असं त्यात होतं. गटप्रमुख मी. खाली सही माझी. दीदीनं तुला ते कळवलं आणि तू माझा नंबर बंद केलास.

लोसा, सही माझीच होती.

मार्चमध्ये त्याचा फोन आला. म्हणाला, "युनाइसी, तुझे सगळे पैसे आज टाकतो. एवढ्या कागदावर सही कर, नुसती कागदपत्रं नीट ठेवण्यापुरती." मी कागद वाचला. न वाचता सही केली असं दीदीला सांगितलं होतं, ते खोटं. दोनदा वाचला. वादळानं छत उडाल्याला तीन आठवडे झाले होते, ताडपत्रीखाली बाबा खोकत होते. पण हेही पुरतं खरं नाही. त्या क्षणी मला माझे पैसे हवे होते आणि तुमचे बुडतील हे मला कळत होतं.

चर्चच्या आवारात तू विचारलंस, "छत कुणी घातलं गं?" मी म्हणाले, एपेलीनं पैसे पाठवले. तू म्हणालीस, "सिनाईच्या वाळूत डॉलर उगवतात वाटतं! भाऊ शांतिसेनेत आहे की बँकेत?" सगळ्या हसल्या, मीही हसले. त्याच आठवड्यात दुकानवाल्यांनी तुझा हप्त्यावरचा लॅपटॉप उचलून नेला. मी खिडकीतून पाहिलं, बाहेर आले नाही.

तो कागद घेऊन दीदी माझ्याकडे आली. चहाला हात लावला नाही. "ही तुझी सही?"

मी मान हलवली.

"ओरडायला आलेले नाही मी, बसचं भाडं खर्चून आलेय. बावीस ऑगस्टला सुनावणी आहे, माझ्या घरून, व्हिडिओवर. तू येतेस की नाही, तेवढं सांग."

तीन दिवस तिचे फोन उचलले नाहीत. चौथ्या दिवशी ट्रेंटचा आला. गोड आवाजात म्हणाला, "तू गप्प राहा. ऑक्टोबरपासून तुला नवं काम, जास्त दरानं. आणि बोललीस, तर लक्षात ठेव, खोटं तूच लिहून दिलं आहेस." कामाच्या तासांचे तक्ते मी पहिल्यापासून जपून ठेवले होते. ते काढले. तुझ्या नावापुढे तीनशे बारा तास, आणि परत पाठवलेलं काम शून्य. एकही नोंद नाही, लोसा. इतकं स्वच्छ काम माझंही नव्हतं.

आधी बाबांना सांगितलं. त्यांनी वर छताकडे पाहिलं आणि काठी घेऊन बाहेर गेले. आठवडाभर नीरफणसाच्या झाडाखाली बसून जेवले.

बावीसला दीदीच्या टेबलाशी बसले. पडद्यावर न्यायाधीशबाई, वकीलबाई आणि ट्रेंट. तोच निळा शर्ट, तेच हसू. न्यायाधीशबाईंनी कागद दाखवला. "सही तुमची?"

"हो."

"मजकूर खरा आहे?"

ट्रेंट सरळ माझ्याकडे बघत होता. दीदी माझ्याकडे बघतच नव्हती, तिचे हात मांडीवर घट्ट आवळलेले होते.

"खोटा आहे," मी म्हणाले. "मला माहीत होतं खोटा आहे. पैसे मिळावेत म्हणून सही केली."

ट्रेंट ओरडायला लागला. बाईंनी त्याला गप्प केलं, मग मलाही चांगलंच सुनावलं. तुमच्या कामाची मजुरी तुमची आहे, म्हणाल्या, पण या कागदामुळे दोन बायका पाच महिने उपाशी राहिल्या असत्या तर? मग मी तक्ते पाठवले. निकाल तुमच्या बाजूनं लागला, पैसे भरायला त्याला चौदा दिवसांची मुदत. तो वसुलीवाले दाराशी येईपर्यंत थांबेल असं दीदीला वाटत होतं. बाराव्या दिवशी पैसे आले. तिनं फोनवर फक्त म्हटलं, "आले गं," आणि रडली.

माझं काम गेलं. ऑनलाइन काम मिळतं त्या साइटवर माझ्या नावाखाली त्यानं काय काय लिहिलंय, ते वाचून कुणी उत्तरच देत नाही. हे तक्रार म्हणून लिहीत नाही, तू विचारशील म्हणून सांगते.

लॅपटॉप परत येणार नाही, हे मला कळतं. छोटीची शाळा मध्येच सुटली, तेही कळतं. रीतीप्रमाणे बाबा यंगोनाच्या मुळांची जुडी घेऊन तुमच्या दारी माफी मागायला यायचं म्हणतात. मी म्हणाले, चूक माझी, जुडी मीच आणेन, पण लोसानं ये म्हटलं तरच. तोवर नाही. दारात येऊन तुला कोंडीत पकडायचं नाही मला.

मला उत्तर नाही दिलंस तरी चालेल. फॉर्म मात्र पाठव. ते पैसे तुझे आहेत, माझ्यावरच्या रागापायी ते सोडू नकोस.

आत्याला हे पत्र वाचून दाखवायचं की नाही, तुझ्यावर सोडते. छोटीला माझं नाव सांगितलंस, तर माझ्याकडून एक पापा दे.

तुझी
(हा शब्द ठेवायचा की खोडायचा, ते तू ठरव)
युनाइसी