ताईचा गोल

मंगळवार, ता. १२
दुपार, जेवणानंतर

चि. बाळास आईचे अनेक आशीर्वाद.

मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, ऐकून घेणारं कोणी दिसलं की जास्तच. सूनबाईचा खोकला गेला का? अक्षर लावून लावून वाच, चौथीच्या पुढे शाळेला मी सोसले नाही. फोनच केला असता, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. कागदाला मधेच तोडता येत नाही.

तुझी लेक माझ्याकडे सुखात आहे. हसते, खाते, आंघोळीला उशीर करते. आणि तिचं ते शिक्षण सुटलेलं नाही, हे आधीच सांगते.

मलाही वाटायचं, भांडणाऱ्या घरांना समजवायला शिकावं कशाला लागतं? पण फार अवघड असतं रे. मागे सरावाला तिच्यापुढे एक सासू-सून बसवल्या. हिनं पुस्तकातलं केलं. खुर्च्या समोरासमोर, आणि सासूच्या देखत आधी सुनेलाच विचारलं, "तुम्हाला घरात कशाचा त्रास होतो?" सून म्हणाली, "छे, कशाचाच नाही." सासू म्हणाली, "ऐकलंत?" झाला निकाल! दोघी पुन्हा फिरकल्या नाहीत. तिच्या बाई म्हणाल्या, पुस्तक लिहिणाऱ्याचं घर वेगळं, तुझ्यापुढे बसलेलं वेगळं. आधी ते घर शीक.

पोरगी रडत माझ्याकडे आली. मी म्हटलं, "अगं वेडे, असं तोंडासमोर तोंड धरून कोणी खरं बोलतं का? आधी मोठीचा मान ठेव, विचारू का म्हणून तिलाच विचार. मग हाताला काम दे. हात गुंतले की जीभ सुटते." तिनं ते वहीत उतरवून घेतलं! माझं बोलणं, वहीत! शेजारणीला मी चारदा सांगितलं.

आता पुढचं ऐक. आठवड्यानं ती लबाड मटारच्या शेंगा घेऊन माझ्या शेजारी बसली. "आजी, एक विचारू का?"

"विचार की."

"तुला मुलं किती?"

आणि माझ्या तोंडून गेलं, "तीन."

एकोणीस वर्षं मी दोन सांगत आले. दवाखान्यात, बँकेत, नव्या शेजाऱ्यांना. घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न करून गेली ती आपली नाही, हे तुझ्या वडिलांचं फर्मान. त्यांच्यामागे ते तू चालवलंस. पोरीला आत्या आहे हेच ठाऊक नव्हतं! पण बाळ, गप्प बसले ती मीच. ताईची तीन पत्रं आली होती. मी ती न फोडता पिठाच्या डब्यामागे ठेवली. हे तुला आजवर सांगितलं नव्हतं.

मग पोरीनं आपल्या घरातल्या माणसांचा नकाशा काढला. त्यांच्या वर्गात प्रत्येकाला काढावाच लागतो. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. तुम्हा भावांचे दोन चौकोन, त्यांच्या आधी ताईचा गोल, आणि माझ्यापासून तिच्यापर्यंतची रेघ मधेच तोडलेली. तो कागद तुला दिसला आणि तू टराटरा फाडलास. "घरातलं चव्हाट्यावर मांडतेस? उद्यापासून शिकणं बंद!" म्हणून ती बॅग घेऊन इकडे आली.

कागद तिनं पुन्हा काढलाय. पट्टी मी धरली होती.

पत्रं फोडली. काल ताईला फोन लावला. आधी दोघी नुसत्या गुडघ्यांवरच बोललो, तिचाही दुखतो म्हणे. मग मी म्हटलं, रविवारी ये.

येतेय.

तूही ये. आलास तर तिच्या समोर बसू नकोस, बाजूला बस आणि शेंगा सोल. दोन किलो सांगून ठेवल्यात. नाही आलास तरी ती आत येईल. दार माझं आहे, आणि रविवारी ते मी उघडणार आहे.

तुम्हा तिघांची,
आई