बाबांनी केलेली अर्धी कटिंग

ताई,

संध्याकाळी माझं डोकं बघून किंचाळू नकोस. डाव्या बाजूचे केस कापलेत, उजवीकडे अजून जंगल आहे. कापणारे बाबा. हो, उजव्या हाताने! अर्धांगवायूचा झटका आल्यापासून सात महिने जो मांडीवर पाहुण्यासारखा बसून होता, त्याच हाताने.

आज डोक्याला चुंबकाचं मशीन लावायची बारावी खेप होती. मशीन टकटक करतं आणि बाबांचा अंगठा उडतो, हे तू पाहिलंयस. त्यानंतर तासभर हाताला काम द्यायचं असतं, म्हणून घरी येताच मी मणी ओवायला दिले. बाबा म्हणाले, "मी न्हावी आहे, माळा विकत नाही. कात्री आण." आणली. मग कापायला काहीतरी हवं, आणि घरात रिकामं डोकं माझंच होतं. अकरा मिनिटं कात्री चालली, ताई! दोन्ही कान जागेवर आहेत, मोजून घेतले.

मग हात दमला. हे अर्धं डोकं फिजिओबाईंना दाखवायला आम्ही हॉस्पिटलात चाललोय.

एक सांगायचं राहिलं. पाच वाजता एक माणूस बाबांचं बंद दुकान भाड्याने घ्यायचं म्हणून घरी येईल. त्याला मीच बोलावलं होतं, तुम्हा दोघांना न विचारता. मला वाटलं, बाबांची कात्री आता संपली. चुकलो गं. त्याला पाणी दे आणि परत पाठव.

बाबांना म्हटलं, उरलेले केस उद्या घरीच उरकू. म्हणाले, "घरी नाही. नऊला दुकान उघडतोय. ये आणि नंबर लावून बस."