शेवटचा शब्द

चि. सूनबाईस,
उशिरा सुचलेले आशीर्वाद.

तू बजावायचीस, "बाबा, कविता म्हणा, पण शेवटच्या शब्दाआधी थांबा. ठकूला बोलू द्या." अडीच वर्षांची नात माझ्या ओठांकडे टक लावून बसायची. "दारी आली मनीमाऊ, तिला देऊ थोडा..." तिचे ओठ विलग व्हायचे आणि मीच म्हणायचो, "खाऊ." शाळेपासून ओळ अर्धी सोडवत नाही मला.

"पोरीच्या तोंडचा शब्द पळवता तुम्ही," म्हणालीस आणि तिला घेऊन माहेरी गेलीस. मी फुगून दाराशीही आलो नाही.

काल तिच्या रिकाम्या खुर्चीसमोर ती ओळ 'थोडा'पर्यंत म्हटली आणि चहा निवेपर्यंत थांबलो. जमतं आता.

हे पत्र पाठवत नाही. शेवटचा शब्द पुन्हा माझाच व्हायचा.

तुझा,
बडबड्या सासरा