गप्प केलेले इशारे

अम्मान, ५ जानेवारी
लागली एकदाची नोकरी! चढावरचं ऑफिस, खिडकीत ऊन, आणि पहिल्याच दिवशी मी सगळ्यांना कनाफा मिठाई चारली. विम्याचं कार्ड हातात पडलं तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. सिलाच्या दम्याची औषधं आता कंपनीच्या विम्यावर. नवरा दोह्याला, घरी आम्ही मायलेकीच. एवढीशी पोर, पण तिच्या छातीत सूं-सूं सुरू झालं की मी गाढ झोपेतूनही उठते.

निदालसाहेब म्हणाले, उम्म सिला (सिलाची आई; इथे बाईला लेकराच्याच नावाने हाक मारतात), तुमचं काम साफसफाईचं. कोड तपासून त्याचा प्रोग्रॅम बनवणारा कंपायलर जिथे शंका येते तिथे इशारा देतो. प्रोग्रॅम तरीही चालतो, म्हणून वर्षानुवर्षं कुणी ढुंकून पाहिलं नाही. आता हजारो साठलेत. डॉक्युमेंटेशनचे आणखी वेगळे. गिऱ्हाईकाला महिनाअखेर एकही नकोय. जमलं तर कायम, नाहीतर मासलामा, घरचा रस्ता.

१२ जानेवारी
एक इशारा मुळातून दुरुस्त करायला अर्धा दिवस जातो. शेजारच्या टेबलावरचा हैसम पोट धरून हसला. म्हणाला, अगं बाई, तू इंजिनियर आहेस की अवलिया? वर एक ओळ टाक, कंपायलर तोंड मिटतो. डॉक्युमेंटेशनमध्ये माहिती नाही तिथे काहीतरी खरड. इथे सगळे तेच करतात.
टाकली ओळ. खरंच मिटलं की मेल्याने! घरी निघेपर्यंत शेकडो गप्प केले.

१५ जानेवारी
टॅक्सीखाली येता येता वाचले. ड्रायव्हर ओरडला, बहिरी आहेस का, केव्हाचा हॉर्न वाजवतोय! मला काहीच ऐकू आलं नव्हतं. डॉक्टर म्हणाली, कान ठणठणीत आहेत. अजान ऐकू येते, गल्लीत सिलिंडर विकणाऱ्या गॅसच्या गाडीचं गाणं येतं, हैसमची बडबड तर येतेच येते.

१९ जानेवारी
साहेबांनी पाठ थोपटली. थोडेच उरलेत.
दूध करपून घरभर धूर झाला, मला वास नाही. शेगडीला हात लागला. फोड आले, दुखलं नाही.

२२ जानेवारी
शेजारच्या उम्म कुतैबांनी जिन्यात फैलावर घेतलं. काल पोरगी किती वेळ किंचाळत होती, तू कुठे तडमडली होतीस?
मी तिच्याजवळच बसले होते. त्याच खोलीत. तिचं हसणं मला ऐकू येतं. रडणं नाही.
हॉर्न, धूर, चटका, रडणं — सगळे इशारेच. या अल्लाह, मी काय करून बसलेय?

२३ जानेवारी
साहेबांना म्हटलं, वेडी म्हणा, पण मला सगळं परत फिरवू द्या. म्हणाले, माल गिऱ्हाईकाकडे पोचला, आता हात लावलात तर घरी बसाल. बसते म्हटलं.
मी टाकलेल्या सगळ्या ओळी काढल्या. कंपायलर चालवला. इशारे शून्य. पुन्हा चालवला. शून्य. मुद्दाम चुकीचं लिहिलं, हातापाया पडले त्याच्या — बोल रे, एकदा तरी बोल — शून्य.

२५ जानेवारी
सिलाला मांडीवरून खाली ठेवत नाही. दम लागून ओठ निळे पडत नाहीत ना बघते, छातीला कान लावते. काही नाही — असेल तरी मला कसं कळणार —
उम्म कुतैबांना म्हटलं, तुम्ही तिच्याकडे कान ठेवा, मी हात जोडते. म्हणाल्या, भिंत केवढीशी आहे, काही वाजलं की धावत येते.

२६ जानेवारी
दार हादरतंय. कडी उडतेय. आवाज नाही. कोणीतरी बाहेरून —
उम्म कुतैबाच. पण काय ऐकून आल्या? सिला मांडीवर आहे. शांत झोपलीय.
उठते. उघडते. आधी तिचे ओठ बघते — गुलाबी आहेत. गुलाबीच. मला तर गुलाबीच दिस —