न लावलेल्या तीस चिठ्ठ्या

प्रिय बाई,

नमस्कार. गुडघे कसे आहेत? तिकडे आपल्या शाळेसारखे जिने नसावेत. डोळ्यांत थेंब कोण घालतं आता? तुमच्या साहेबांचा खोकला थांबला का? आणि आपला चौकीदार रामेसर गेल्या उन्हाळ्यात तिकडेच आला, त्याची साखर? त्याला गोड देऊ नका, मागेल तो!

इकडे मी ठणठणीत. फक्त माझी नात गौरी चार दिवस माझ्याशी बोलली नव्हती. मुलगा-सून सकाळी नव्या रायपुरात नोकरीला जातात ते दिवे लागल्यावर येतात. गौरीच बोलत नाही म्हटल्यावर घरात उरलं कोण? भिंती!

पत्र लिहायला बसलो कारण आज तुमचं जुनं पुस्तक काढलं आणि त्यातून तीस चिठ्ठ्या निघाल्या. तुमच्या हातच्या. पण आधी गौरीचं सांगतो, नाहीतर म्हणाल, "नारायणराव, क्रमानं सांगा."

पोरीनं अकरावी-बारावीची रसायनशास्त्राची नवी पुस्तकं एकदमच आणली. मी चष्मा लावून बसलो. तुमच्या प्रयोगशाळेत बाटल्या भरता भरता सातवी पास माणूस हे वाचायला शिकला, ती सवय जाते थोडीच! पाहतो तर धडेच गायब. खनिजातून धातू काढायचा धडा कुठे गेला? रोज सकाळी मी गच्चीवरून लोखंडाच्या भट्ट्यांची काळी पूड झाडतो, अन् लोखंड कसं काढतात ते पुस्तकातूनच काढून टाकलं? पोरांचा भार कमी केला म्हणे. मले नाही पटलं. कोणाच्या तरी शिकवणीची सोय असणार ही.

मग ते पान आलं. एक मोल वायूला जागा किती लागते? तुमच्या वर्गाच्या दारात उभं राहून शंभरदा ऐकलंय, २२.४ लिटर. पुस्तकात छापलं होतं २२.७! हे जास्तीचे तीन दशांश आले कुठून, बाई? गौरीला विचारलं. ती फोनमधून मान वर न काढता म्हणते, "हव आबा, सही होगा." फोनमध्ये अभ्यास करून राहिली की गप्पा, त्याचाही मले संशय. म्हटलं, छापखान्यानं घोळ केला. आता बाईंच्या पद्धतीनंच दुरुस्त करू.

आठवतं ना? दर जुलैत नवी पुस्तकं आली की चुका तुम्ही शोधायच्या, चिठ्ठ्या लिहायच्या, आणि कणकेची खळ करून शाळेच्या तीसही प्रतींत त्या मी लावायच्या. एकही चिठ्ठी वाकडी नसायची! तशीच खळ केली. वळणदार अक्षरात २२.४ लिहिलं आणि पोरगी आंघोळीला गेली तेव्हा छापलेल्या आकड्यावर चिकटवून दिलं.

चाचणीत तिनं तोच आकडा धरून तीन गणितं सोडवली. तिन्ही चूक. घरी येऊन पुस्तक माझ्यापुढे आपटलं. "आपने चिपकाया था, तो मैंने मान लिया! मुझसे पूछा काहून नहीं?"

बाई, मी छापखान्यावर संशय घेतला, तिच्या फोनवर घेतला. आणि तिनं? माझी चिठ्ठी दिसली तर डोळे मिटून खरी मानली!

तरी माझी खोड पाहा. मीच बरोबर आहे हे दाखवायला आज तुमचं पुस्तक काढलं, तुमच्या निवृत्तीच्या दिवशी मला दिलेलं. खाकी कव्हराच्या आत पुडकं होतं. तीस चिठ्ठ्या. सगळ्यांवर २२.७.

सगळं आठवलं मग. नवं राज्य झालं होतं, रायपूर राजधानी झाली होती, अभ्यासक्रमाचे बदल दर वर्षी येत होते. तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. त्या चिठ्ठ्या हातात आल्या आणि मला वाटलं, बाईंना नीट दिसून नाही राहिलं. लोकांत हसू होईल. विचारावं, तर बाटल्या धुणाऱ्यानं बाईंना विचारायचं कसं? म्हणून लपवल्या, आणि पुढे तुमचं पुस्तक मिळालं तेव्हा त्याच्याच कव्हरात सरकवल्या. तुमची लाज राखली, असं वाटून छाती फुगवून फिरलो!

मग तुम्ही वर्गात २२.७ सांगितलं आणि एक मुलगी उठली. "मैडम, किताब में तो बाईस दशमलव चार है." तुम्ही दाराकडे पाहिलं. मी ब्युरेट धरून उभा होतो. एवढंच पाहिलंत. मग म्हणालात, "किताब पुरानी है. लिखो."

तुम्हाला कळलं होतं ना? मग रागावला का नाहीत? एकदा कान धरला असता, तर आज माझ्या घरात हे झालं नसतं. एवढी माया कशाला करायची माणसानं!

पुडकं गौरीपुढे ठेवलं. तिनं एक चिठ्ठी उचलली. आकड्याखाली बारीक ओळ होती, ती मी तेव्हाही वाचली नव्हती. तिनं वाचली. "दाब अब एक बार मानें, पहले से ज़रा कम." हा 'बार' म्हणजे दाबाचं माप, एवढं मलाही कळलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "इन्होंने तो वजह भी लिखी है, आबा. दबाव थोड़ा कम करो, तो गैस फैलती है. बस."

चार दिवसांनी निघालेले पहिले शब्द. तीन दशांशांचा हिशेब तेव्हा लागला मला.

"एक चिपका दो," म्हणाली. "पूछ के."

विचारलं. मान हलवली तिनं. माझ्या चिठ्ठीवर तुमची लावली, सरळ. खळ अजून ओली आहे.

वचन देतो बाई, यापुढे आधी विचारीन, मग हात लावीन. मनात शंका आली तर तोंडानं बोलीन, कव्हरात दडवणार नाही. आणि उरलेल्या एकोणतीस मी गेल्यावर गौरीकडे राहतील.

उत्तर लवकर लिहा. चिठ्ठीएवढं असलं तरी चालेल. त्यातलं काही पटलं नाही, तर तिकडे दारात येऊन विचारीन. तसंही आज ना उद्या यायचंच आहे.

तुमचा,
नारायण
(प्रयोगशाळेतला)