किल्ल्यापुरती माती

माण, वसुबारस, संध्याकाळ

पोरांना दिवाळीच्या किल्ल्यासाठी माती हवी, आणि आमच्या घरात बादलीभर माती नाही. पुढे फरशी, मागे भाडेकरूंच्या खोल्या. हे म्हणाले, तयार किल्ला आणू. ओम ऐकेना. "त्यावर अळीव उगवत न्हाई, पप्पा."

शेवटी पिवळी बादली घेऊन दोघांना आमच्या शेतावर नेलं. म्हणजे विकलेल्या. तिथे आता बिल्डिंग उठतेय. मातीचे ढीग दिसत होते, पण वॉचमन म्हणाला, "मॅडम, अंदर मना है." बिचारा हात जोडून बोलला, त्याच्यावर काय चिडणार? तेवढ्यात चार वर्षांची परी त्याला म्हणाली, "काका, हे आमचं शेत हाय." मी तिला दटावलं. का दटावलं? पोर खोटं थोडंच बोलली? पण मग खरं तरी काय?

पिवळी बादली रिकामीच परत आणली. ओम ती उंबऱ्यात टाकून आत निघून गेला.

आत्ता पाहते तर परी उंबऱ्यात बसलीय. तिथे बिल्डिंगच्या गेटपाशी टँकर गळून चिखल झाला होता, तो आमच्या चपलांना लागलाय. चपला उलट्या करून ती चमच्याने तो बादलीत खरवडतेय. अजून तळही झाकला नाही. मला म्हणाली, "आई, तुझ्या चपलेला लई हाय."